टाळीची जागा

"कुणी सुटायचं नाही हं! सगळ्यांनी नाव घ्यायचं," असं म्हणत स्वानंदीने पाच जणींना सोफ्यावर आणि सहा जणींना सतरंजीवर बसवलं. के. आर. पुरममधला नवव्या मजल्यावरचा तो हॉल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तसा पुरेसा होता. काळ्या साड्यांचे घोळ तेवढे मावत नव्हते.

नाव घेण्याचा नियम सगळ्यांना पाठ. दुसऱ्या ओळीला यमक पडलं की टाळी. आधी वाजवणारी उतावळी, मागून वाजवणारीचं लक्ष नव्हतं.

मुग्धाने फोनमध्ये बघून सुरुवात केली. "के. आर. पुरमच्या पुलावर ट्रॅफिक झाला जाम, अजिंक्यरावांचं नाव घेते, घरून करते काम!"

टाळी पडली. एरवी ती त्याला अज्या म्हणते. 'राव' वर्षातून एकदाच, तेही साडी नेसल्यावर.

मग शाल्मली. "फिल्टर कॉफीत साखर घातली स्वल्प, तनयरावांचं नाव घेते, हाच माझा संकल्प!"

टाळी, हशा, पुन्हा टाळी.

दोन्ही उखाणे श्यामलाकाकूंनी रचलेले. खरं तर त्या दुपारी म्हटले गेलेले बहुतेक उखाणे त्यांचेच होते. दर पौषात फोन येतात, 'काकू, काहीतरी खुसखुशीत द्या ना.' यंदाही आले, फक्त सुरुवातीला 'सॉरी काकू, अशा वेळी विचारतेय' एवढं जोडून. विचारायला संकोच वाटला; घ्यायला नाही. काकूंनी सगळ्यांना दिले.

काकू सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. विलासराव श्रावणात गेले. तरी स्वानंदीने निमंत्रणात 'सर्व भगिनींना, म्हणजे सर्वच' असं लिहिलं होतं आणि दारातच काकूंना कुंकू लावलं होतं. लावताना फोटोही काढून घेतला होता.

काकूंच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. घरात 'अहो', फोनवर 'ऐकलंत का', भाजीवाल्यापुढे 'आमचे हे'. नवऱ्याचं नाव काकूंच्या तोंडून निघायचं ते फक्त अशा दुपारी, दोन ओळींच्या आडून. गेल्या पाच महिन्यांत ते नाव त्यांनी कितीतरी फॉर्मांवर लिहिलं, ऑफिसांतल्या माणसांकडून ऐकलं. स्वतः उच्चारलं एकदाही नव्हतं. कुठे उच्चारणार? आज मात्र घरून निघतानाच त्या ते जिभेवर ठेवून आल्या होत्या.

शेजारच्या महानंदाअक्काने आपला उखाणा उरकला आणि काकूंच्या मांडीवर थाप मारली. "गेल्या साली काका न्यायला आलते, ध्यानात हाय न्हवं वो काकू? दारात उभं राहून म्हणाले, यमक म्हंजे लग्नातला बँड. फुडं काय वाजणार ते आधीच ठावं असतंय."

"आणि काकू म्हणाल्या," मुग्धाने पुढचं उचललं, "म्हणून तर लोक नाचतात! तुमच्या मुक्तछंदावर नाचलंय का कधी कुणी?"

सगळ्या हसल्या. मग कुणाच्या बोलण्यावर हसतोय ते लक्षात आलं आणि एकेक जण आपला पदर नीट करू लागली.

"चला चला, आता वाण!" स्वानंदी घाईने उठली. "काकू, तुम्ही आपल्या परीक्षक. सगळ्यात छान कोणाचं झालं, सांगा बघू."

"स्वानंदी, माझं राहिलं."

"अहो काकू... म्हणजे तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..."

"घेऊ द्यावं की," अक्का पुटपुटली.

"नाव काही बदललेलं नाही त्यांचं," काकू म्हणाल्या.

स्वानंदी डब्यांची चळत छातीशी धरून उभी राहिली. मग डबे टेबलावर ठेवले. शाल्मलीने फोन उलटा केला. बायका सावरून बसल्या. काकूंचा उखाणा म्हणजे खणखणीत. कितीही अवघड शब्दावर पाय देऊन दुसऱ्या ओळीत त्या बरोबर जागेवर उतरणार, याची खोलीत कुणालाच शंका नव्हती. टाळीसाठी हात वर आले.

काकूंनी घसा साफ केला. एरवीसारखा सूर लावला नाही. शेजारणीला काही सांगावं तशा, थांबत थांबत बोलल्या.

"चष्मा फ्रिजवर आहे.
रोज पुसते.
आज लावून बघितला.
मला त्यातून
काहीच नीट दिसत नाही,
विलास."

एवढं म्हणून त्यांनी ओठ मिटले.

स्वानंदीने मान किंचित पुढे केली. पुढची ओळ यायची होती. मुग्धाने हळूच, विसरलेल्या मुलीला स्टेजखालून वाक्य सुचवावं तसं विचारलं, "काकू... यमक?"

"त्यांना आवडत नसे," काकू म्हणाल्या.

अकरा जणींचे हात अजून वरच होते. ते वाजवायचे की खाली घ्यायचे, हे कुणालाच कळेना.