तंबूतली यजमानीण

चष्मा चढवला की आपण थेट माळावरच्या तंबूत, समोर चहा ओतणारी यजमानीण. दोन वर्षं खपून कार्लिगाशने हा खेळ बनवला होता आणि उद्या तो करागांदा शहरातल्या लोकांसाठी खुला व्हायचा होता. आज पहिली पाहुणी म्हणून तिने सासूबाईंना बसवलं.

दोनच मिनिटांत सासूबाई चष्मा काढून, डोक्याचा रुमाल आवळत उठल्या.

"काय झालं, आपा?"

"चहाची वाटी काठोकाठ भरली तिने. म्हणजे 'प्या नि निघा'. पाहुणा बसावा असं वाटलं तर अर्धीच भरतात, पुन्हा पुन्हा. एवढं कळतं मला."

"अहो, तो चहा खोटा आहे."

"चहा खोटा असेल गं. अपमान खरा होता."

उद्या सगळेच असे उठून गेले तर? कार्लिगाशने घाईघाईने वाटी अर्ध्यावर आणली आणि हातापाया पडून सासूबाईंना पुन्हा बसवलं. या खेपेस त्या तीन तास हलल्या नाहीत.

"जमलाय ना आता?" तिने भीतभीत विचारलं.

"बाई मोठ्या मनाची आहे हो. उद्या आपल्याकडे जेवायला बोलावलंय, येते म्हणाली. तुझ्या नवऱ्याला सांग, मेंढी आणायला."