दुसरी डिस्क

भाड्याच्या सिनेमाची डिस्क परत पाठवायच्या पाकिटात दिगंबरने लेकीच्या लग्नाची डिस्क घातली आणि कंपनीने ती न बघताच टपालाने पुढच्या गिऱ्हाइकाकडे रवाना केली. आठवडाभर बायकोने त्याला धड चहा विचारला नाही.

नवव्या दिवशी कंपनीमार्फत डिस्क परत आली. सोबत इचलकरंजीच्या एका निवृत्त मास्तरांची चिठ्ठी होती, ती त्याने मोठ्यांदा वाचायला घेतली. "मारधाडीचा सिनेमा मागवला होता, लग्न आलं. तरी दोनदा पाहिलं. पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्या, जांभळ्या साडीतल्या बाई कोण? मी एकटाच असतो. त्याही एकट्या असतील तर भेटायला आवडेल."

दिगंबर अडखळला. त्या बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि ती समोरच शेंगा सोलत होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाची राहिलेल्या ताईपुढे लग्नाचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

"माफ कर ताई, माझ्या वेंधळेपणापायी तुला हे ऐकावं लागलं."

ताईने चिठ्ठी घेऊन स्वतः पुन्हा वाचली. "वेंधळा तू आहेसच," ती म्हणाली. "आता दुसरी डिस्कही पाठव. हिच्यात मी नुसती वाढतेय. हळदीत नाचलेय ती त्या दुसरीत आहे."