पाइनचा ओंडका

"कसलं लाकूड, सांग," फोरमन गुरुप्रसाद म्हणाला. "हात लावून सांग."

बाकावरच्या वाइसच्या जबड्यात वीतभर ओंडका घट्ट आवळलेला. बहारीनमधल्या मुहर्रकच्या त्या सुतारखान्यात सगळ्यांचे रंधे थांबले. साल एक्क्याऐंशी, जानेवारीची सकाळ.

शिवदासनं उजवा हात ओंडक्यावरून फिरवला. करवत लावायच्या आधी त्याच्या राजापूरचे सुतार असाच फिरवतात, लाकडाच्या रेषा कुठं चालल्यात ते बोटांनी बघतात. पण त्याची बोटं मेली होती. रमजानात फळ्यांचा ढीग कोपरावर पडला, तेव्हापासून सुई टोचली तरी कळत नव्हतं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. फोरमनला कळलं की व्हिसा कॅन्सल, पुढच्या विमानानं घरी. म्हणून सहा महिने तो बोटांची कामं डोळ्यांकडून करून घेत होता. आता तर भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती.

डोळ्यांना साल दिसली, वलयं दिसली, एक गाठसुद्धा दिसली.

"पाइन," तो म्हणाला. "जुनं. साठेक वर्षांचं." आणि त्यानं करवत ओढली.

ठिणगी अशी उडाली की फोरमनची विडी पेटली असती. करवतीचे दात गेले.

फोरमन हसला नाही. "दगड आहे तो. जहाजावरच्या इंजिनिअरनं ग्रीसहून आणलाय. तिकडं समुद्राकाठी अख्खं जंगल उभ्या उभ्या दगड झालंय. घरट्यातली अंडीसुद्धा दगड. झाडाखाली झोपलेलं गाढवही, म्हणे." मग आवाज उतरवून, "बर्फासारखा गार लागतो, शिवदास. आंधळ्यालाही कळेल. तुझा हात गेलाय ना?"

शिवदासनं करवत खाली ठेवली. त्याला काही वाटलंही नाही. घरी न्यायचं सामान म्हणजे एक ट्रंक, एवढंच मनात आलं.

"हारून, ये इकडं. तू लाव हात. दाखव याला."

रत्नागिरीचा हारून शेजारच्याच बाकावर काम करी. त्यानं तळवा टेकवला. गारवा पार कोपरापर्यंत चढला. त्यानं एकदा शिवदासच्या हाताकडं पाहिलं.

"पाइनच की," हारून म्हणाला, आणि आपली कोरी करवत त्यावर ओढली. तिचेही दात गेले.

"डोकं फिरलं काय रे? दोघांनाही घरी पाठवीन. खलास!"

मागं कुणीतरी खाकरलं. सुतारखान्यातले सगळ्यांत म्हातारे गुंडूकाका करवत घेऊन उभे होते. त्यांच्या मागं आणखी चौघं.

"सरक रे, हारून," काका म्हणाले. "माझी पाळी."