आधी शिस्त, मग स्लॅब

कामं रखडतात म्हणून कंपनीने प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय काढायचं ठरवलं, आणि ते कसं चालवायचं याचं प्रशिक्षण सगळ्या इंजिनिअरांना सक्तीचं केलं. प्रशिक्षकांनी दारातच सगळ्यांचे फोन टोपलीत टाकायला लावले. इस्पितळाच्या इमारतीचं काम बघणारी इंजिनिअर काकुळतीला आली.

"सर, आज स्लॅब आहे. मी हो म्हटल्याशिवाय काँक्रीट ओतत नाहीत."

"मॅडम, आधी शिस्त, मग स्लॅब."

टोपलीतला तिचा फोन सकाळभर थरथरत राहिला. आत 'निर्णय वेळेत कसे घ्यावेत' यावर प्रवचन चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला, तर मुकादम रडकुंडीला आलेला. "मॅडम, माल गाडीतच घट्ट झाला. फेकून द्यावा लागला सगळा."

प्रशिक्षकांच्या कानावर हे गेलं आणि त्यांची कळी खुलली. उदाहरण आयतंच हाती लागलं होतं. दुपारी त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'नुकसानीचं कारण: इंजिनिअरने फोन उचलला नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दारातली टोपली उचलली आणि त्यांच्या टेबलावर आणून आदळली.

"आता त्याच्याखाली हेही लिहा, फोन कुठे होता."