बर्फावर घसरलो
वरदाच्या शाळेनं बर्मिंगहॅममधल्या वर्णद्वेषी हल्ल्यांचा ऑनलाइन नकाशा करायला घेतला होता. हल्ल्याच्या जागी पिन लावायची. ती दाबली की मार खाल्लेल्या माणसाचा आवाज ऐकू येणार. तिचा उजवा हात बर्फावर घसरून मोडला होता म्हणे; तो प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून तिनं डाव्या हातानं आजोबांपुढे फोन धरला. "आजोबा, तुमच्यावर असा कधी अटॅक झालाय?" आजोबांचं बोट भुवईवरच्या व्रणाकडे गेलं. हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून परतताना कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर चौघांनी त्यांना बुटांनी तुडवलं होतं. घरी मात्र 'बर्फावर घसरलो' म्हणून सांगितलं. बायको वारेपर्यंत तेच सांगत राहिले. आज सेहेचाळीस वर्षांनी खरं बोलले, तेव्हा हलकं वाटलं. वरदानं बसस्टॉपवर पिन लावली. मग तिथेच, खेटून दुसरी लावली. "ही कुणाची गं?" तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. "मीपण घसरले नव्हते, आजोबा. मम्मीला सांगू नका."