संगप्पाची सून

शेतातल्या कडब्याच्या कोपीसमोर सतरंजीवर बसून संगप्पा चॅनेलवाल्या पोरीच्या माइकमध्ये मराठवाड्याची अस्मिता वाचवत होता. मांडीवर पाच वर्षांची नात, अंजू. मागं पांडवांची पूजा आटोपलेली, आंबील पिकावर शिंपून झालेली, पंगत बसायच्या बेतात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, उदगीरच्या बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळं गाव शेतात.

"बाहेरून लोंढे यायलेत," संगप्पा म्हणाला. "मोंढ्यात हमाल त्यांचे, बांधकामावर मिस्त्री त्यांचे, आता पानटपऱ्याबी त्यांच्याच. अशानं आपली वळख राहील का? आमच्या घरात पाणी भरायलाबी बाहेरचं माणूस न्हाई. भज्जी आमची, हातबी आमचेच."

संगप्पाच्या आईला जन्मभर कानडीशिवाय शिवीसुद्धा देता आली नव्हती, आणि तिच्या शिव्या खाल्लेली निम्मी माणसं समोरच बसली होती. पण कॅमेरा समोर असला की माणसाला मागचं आठवत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चुलीपाशी त्याची सून अक्षरा भज्जी, येळवशीची ती शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, ढवळत होती. मल्लिनाथनं पस्तिशी ओलांडली तरी इकडं त्याला कुणी पोरगी देईना, तेव्हा एजंट गाठून संगप्पानं तिला ओडिशातून आणली. सुकांती हे तिचं नाव तिकडंच राहिलं, इथं ती अक्षरा झाली. बाजरीचे उंडे वळणं, आंबील लावणं, सगळं ती इथं येऊन शिकली. तिच्या हातची भज्जी चाखून सासू शरणम्मा आताशा गप्प बसायची, आणि शरणम्मानं गप्प बसणं म्हणजे शाबासकीच. तरी गावात तिचं नाव अजून 'ती आणलेली' असंच होतं.

चॅनेल येणार म्हटल्यावर मल्लिनाथच तिला म्हणाला होता, "भज्जीचं तूच सांग." तेव्हापासून शेंगा सोलता सोलता ती वाक्यं घोकत होती. टीव्हीची तिला फारशी हौस नव्हती. चारचौघांत एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं, मी या घरची सून. अंजू आता शाळेत जाईल. तिला तरी तिथं कुणी 'आणलेलीची पोर' म्हणू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

"वास काय भारी सुटलाय!" चॅनेलवाली चुलीकडं वळली. "वहिनी, तुम्हीच केलीत ना? सांगा की आमच्या प्रेक्षकांना."

माइक तोंडासमोर आला. अक्षरानं पदर सारखा केला आणि तोंड उघडलं.

"ती बोलत न्हाई," शरणम्मा मध्ये पडली.

"लाजतात का?"

"न्हाई माय. मुकी हाय. जन्मापासून."

अक्षराच्या मराठीत अजून माहेर ऐकू यायचं. दोन वाक्यांत संगप्पाचं बिंग फुटलं असतं, तेही लाइव्ह. म्हातारीनं नवऱ्याची अब्रू राखली, आणि त्यासाठी हाताशी आली ती सुनेची जीभ.

अक्षरानं मल्लिनाथकडं पाहिलं. तो कोरडे द्रोण पुन्हा पुसायला लागला. मग तिनं अण्णारावकडं पाहिलं. शेजारच्या शेताचा मालक, तिच्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून ओडिशापर्यंत गेलेला. कालच बांधावर उभा राहून तिच्याशी तासभर गप्पा मारून गेला होता. तो आंबिलीत माशी शोधत होता. माशी नव्हती.

बोलावं, आत्ताच बोलावं. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात संगप्पानं मांडीवरच्या अंजूचा दंड धरला. जोरात नाही, नुसता धरला, आणि सुनेकडं बघत राहिला. तिनं तोंड मिटलं.

चॅनेलवालीचे डोळे खरंच भरून आले. ती कॅमेऱ्याकडं वळली. "बघताय ना मित्रांनो? मुक्या मुलीला पदरात घेणारं, तिच्या हातची भज्जी कौतुकानं खाणारं हे घर. ही आपली संस्कृती, ही आपली ओळख!"

संगप्पानं हात जोडले. "देवानं दिलं ते आपलं म्हणायचं, दुसरं काय?"

या वेळी टाळ्या जास्त वाजल्या. काही बायांनी डोळ्यांना पदर लावला. त्यातल्या दोघी तर अक्षराच्या रोजच्या बोलण्यातल्या होत्या.

चॅनेलची गाडी पांदीनं निघून गेली आणि पंगत बसली. अक्षरा वाढत होती. अण्णारावनं पत्रावळीकडं बोट दाखवलं आणि मग मूठ वळून दाखवली, उंडा पाहिजे म्हणून. तोंडानं चकार शब्द काढला नाही. पंगत खो खो हसली. मग दुसऱ्यानं बोटांनी खीर मागितली, तिसऱ्यानं आंबील. मल्लिनाथसुद्धा हसला. सगळ्यांना खेळच सापडला.

तिनं भज्जीचं पातेलं खाली आदळलं. हसणं थांबलं. कुणाकडंही न बघता तिनं दोन्ही हात पसरले आणि मोठ्यानं हाक मारली, "अंजू! ये बाळा, माझ्याजवळ ये. जेवू आपण."

अंजू आजोबाच्या मांडीवरून उठून धावत आली. आईच्या गळ्यात पडली आणि आपला इवलासा तळहात तिच्या तोंडावर दाबून धरला.

"बोलू नको ना आई," ती कानाशी कुजबुजली. "टीव्हीत आलंय. तू मुकी हायस."