मेजर थर्लवेल टपालात जातो

"पोस्टमन?" मिसेस गारबट यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मेजर, थट्टा करताय ना माझी?"

डंकन थर्लवेलने नकारार्थी मान हलवली. थट्टा करण्याइतकं त्राण त्याच्यात उरलंच नव्हतं. कॅटरिकच्या छावणीतल्या या खोलीत तो पाचव्यांदा आला होता. सैन्य सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना बाहेरच्या जगात नोकरी शोधून द्यायची, हे मिसेस गारबट यांचं काम. डंकनसाठी तर त्यांनी जिवाचं रान केलं होतं. न्यूकॅसलच्या एका बांधकाम कंपनीला व्यवस्थापक हवा होता. लीड्सच्या विमा कंपनीने नुसती माहिती वाचून त्याला जेवायला बोलावलं होतं. एका खासगी शाळेला कारभारी हवा होता, राहायला घर देऊन. डंकन सगळीकडे गेला. हात मिळवले, हसला, प्रश्नांना उत्तरं दिली. आणि दुसऱ्या दिवशी आपणहून नकार कळवला.

मिसेस गारबट यांनी त्याची फाइल उघडली. "हे बघा. बावीस वर्षं नोकरी. त्यातली शेवटची चार वर्षं तळावर, मागे राहिलेल्या कुटुंबांची व्यवस्था. म्हणजे माणसं सांभाळायचा अनुभव! अहो, ही एक ओळ वाचून कंपन्या तुमच्यावर उड्या मारतात. आणि तुम्ही पत्रं वाटणार?"

"हेक्सॅमला जागा आहे. अर्ज केलाय."

"पगार निम्म्याहून कमी."

"ठाऊक आहे."

"मग का, ते तरी सांगा."

डंकनने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर नवी पोरं कवायत करत होती. "मोकळ्या हवेत चालायला मिळेल," तो म्हणाला.

 मिसेस गारबट यांनी फाइल मिटली. "लोक म्हणतील, मेजरला कुणी उभं केलं नाही वाटतं."

"म्हणू देत."

घरी मॉइराने हाच प्रश्न विचारला. ती सिंकपाशी बटाटे सोलत होती. "मला लाज वाटते म्हणून नाही विचारत हं," ती म्हणाली. "मला फक्त कळू दे."

"जरा पाय मोकळे होतील."

"बावीस वर्षं काय कुणी बांधून ठेवले होते तुझे पाय?"

तो हसला नाही. मॉइराने पुढे ताणलं नाही. न ताणायची सवय तिला त्याच्या तळावरच्या चार वर्षांत लागली होती. तेव्हा एखाद्या दिवशी तो कामावरून यायचा, दारासमोर गाडी बंद करायचा आणि अर्धा-अर्धा तास आतच बसून राहायचा. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. चहा दोनदा गार व्हायचा. आत आल्यावर तो म्हणायचा, "रस्त्यात गर्दी होती."

नोकरी मिळाली, आणि महिन्याभराने एका सोमवारी सकाळी साडेसहाला तो हेक्सॅमच्या टपाल कचेरीत हजर झाला. केव्ह डॉड्स नावाचा जाडजूड मुकादम पत्रांच्या गठ्ठ्यांमागून ओरडला, "काय मेजर, बुटांना पॉलिश? पत्रं काय तोंड बघणार आहेत त्यात?" सगळे हसले. डंकनने पिशवी खांद्याला लावली. ती जड होती, पण त्याला बरं वाटलं.

पहिली तेरा घरं सोपी गेली. दाराच्या फटीतून पत्र आत सरकवायचं आणि पुढे चालू लागायचं. कुणाचं तोंड बघायला नको. एक कुत्रा भुंकला, एका मांजराने त्याच्या पायाला अंग घासलं. गवतावर दव होतं. चौदाव्या घरासाठी मात्र खोकं होतं, चांगलं हातभर लांब. ते फटीतून जाणार नव्हतं. घंटा वाजवावीच लागणार होती.

फाटक उघडून तो पायरीपर्यंत गेला. हात घंटेपर्यंत नेला. आणि तो हात तिथेच थांबला.

पलटण अफगाणिस्तानात हेल्मंडला लढत असताना तळावर राहिलेल्या अधिकाऱ्याकडे एक काम असे. काळा सूट घालायचा. सोबत पाद्री घ्यायचा. पत्ता दोनदा पडताळायचा. मग मारल्या गेलेल्या सैनिकाच्या घरी जाऊन घंटा वाजवायची. डंकनने अशा अकरा घरांच्या घंटा वाजवल्या होत्या. दार बहुतेक वेळा आई नाहीतर बायको उघडायची. तिला काही सांगावं लागत नसे. त्याला बघताच ती दार लोटायला लागायची, जणू तो बाहेर राहिला तर बातमीही बाहेर राहील. डरहमची एक बाई अगदी शांतपणे म्हणाली होती, "तुम्ही चुकीच्या घरी आलात. शेजारी विचारा." दहा मिनिटं ती तेवढंच म्हणत राहिली होती. घरी परतल्यावर त्याने मॉइराला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. फाइलमध्ये त्याची एक ओळ झाली होती.

त्याला वाटलं, खोकं पायरीवर ठेवावं आणि निघून जावं. केव्हला काय कळणार आहे? पण पिशवी खांद्यावर होती, आणि हे काम त्याने स्वतः मागून घेतलं होतं. त्याने श्वास आत ओढला आणि घंटा दाबली.

आत पावलं वाजली. सवयीने तो दोन पावलं मागे सरकला, ताठ उभा राहिला. कडी निघाली. सत्तरीची एक बाई, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेली, अंगावर गुलाबी गाऊन. तिने त्याला आपादमस्तक पाहिलं.

आणि तिचा चेहरा फुलला. दार सताड उघडून, दोन्ही हात पुढे करत ती म्हणाली, "अगबाई, आलात का! दाखवा, दाखवा, काय आणलंय माझ्यासाठी?"